रेडियमच्या पट्टीतलं शहर

कराडच्या डिप्लोमाच्या तीन पोरांनी विचारलंय: ऐंशी-नव्वदच्या दशकातले, कमी पैशात काढलेले सायन्स फिक्शन मारधाडपट आणि सायबरपंक (यंत्रं पुढं गेलेली, माणूस खाली गेलेला असं भविष्य दाखवणारे) सिनेमे आम्ही पुन्हा पुन्हा बघतो. हॉस्टेलवरचे हसतात. रबर दिसतं, मॉडेल ओळखू येतं, तरी शेकडो कोटींच्या सिनेमापेक्षा आम्हाला यातच जीव वाटतो. ही नुसती जुन्याची ओढ आहे की यात खरंच काही आहे? आणि असलं काही आपल्या भागात करता येईल का?

जुन्याची ओढ ज्यानं ते जुनं जगलंय त्याला लागते. हे सिनेमे तुमच्या जन्माआधीचे आहेत, तेव्हा तुम्हाला लागलेली ओढ आठवणीची नाही. ती कशाची आहे हे मला सांगता येईल असं वाटतं, कारण माझं पोट त्याच कामावर चालतं. मी सांगलीचा. नाटकाचं नेपथ्य करत वाढलो आणि गेली 22 वर्षं वाई-सातारा पट्ट्यात येणाऱ्या शूटिंगच्या आर्ट डिपार्टमेंटला आहे. मेणवलीच्या घाटावर रात्रीत बाजार उभा करायचा, चार दिवसांत नवा वाडा जुना दाखवायचा, हे रोजचं काम. तर मी वस्तू बनवणाऱ्याच्या बाजूनं सांगतो.

आधी एक शॉट बघा. जॉन कार्पेंटरचा 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क', 1981. न्यूयॉर्कच्या सगळ्या मॅनहॅटन बेटाचा तुरुंग झालाय आणि नायक रात्री ग्लायडरमधून तिथं उतरतोय. बाहेर काळोख. समोरच्या छोट्या पडद्यावर इमारती नुसत्या हिरव्या रेषांत सरकताना दिसतात, कॉम्प्युटरनं काढल्यासारख्या. कॉम्प्युटरकडून तसं काढून घेणं तेव्हा त्यांच्या आवाक्यात नव्हतं. म्हणून शहराचं मॉडेल घेतलं, काळं रंगवलं, इमारतींच्या कडांना चकाकणारी पट्टी चिकटवली आणि कॅमेरा त्यातून फिरवला. काळं ते अंधारात गेलं, राहिल्या त्या कडा.

एका एकांकिकेला मागं पडद्यावर असंच शहर हवं होतं, तेव्हा आम्ही हे सांगलीत एका गोडाऊनमध्ये करून बघितलं. औषधांच्या दुकानातली रिकामी खोकी, काळा डिस्टेंपर, आणि नंबरप्लेटवाल्याकडचं पांढरं रेडियम. रेडियमच्या काडीएवढ्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि प्रत्येक खोक्याच्या कडेला बोटानं दाबत न्यायच्या. दीडशे खोकी. दोन रात्री गेल्या. तिसऱ्या रात्री बाजूनं लाइट मारला आणि काहीच झालं नाही. खोकी खोकीच दिसत होती, पट्ट्या मळकट पांढऱ्या. आम्ही लाइट वाढवला तसं ते आणखी वाईट दिसायला लागलं. मग आमच्यातल्या वायरमन पोरानं सगळे लाइट बंद केले आणि एक बॅटरी थेट लेन्सला चिकटवून धरली. अख्खं शहर एकदम पेटलं. रेडियम प्रकाश इकडे-तिकडे उधळत नाही, जिथून आला तिकडेच परत पाठवतं. रात्री गाडीच्या हेडलाइटमध्ये पुढच्या वळणाची पाटी ड्रायव्हरला चमकताना दिसते ती त्यामुळंच. हे सगळ्यांना माहीत असतं, पण लेन्स म्हणजेच ड्रायव्हरचा डोळा हे त्या रात्री कळलं.

आज तसल्या रेषा फोनवर दहा मिनिटांत निघतात. तरीही कार्पेंटरचा तो शॉट मला आजच्या कित्येक शॉटपेक्षा भारी वाटतो. काय नाही हे बघून कुणीतरी काय करायचं ते ठरवलं, आणि ते ठरवणं पडद्यावर उमटलं. तुम्हाला जो जीव वाटतो तो हाच. पैसा मुबलक असला की शॉट विकत आणता येतो. पैसा नसला की तो सुचावा लागतो, आणि सुचलेली गोष्ट बघताना बघणाऱ्याचंही डोकं चालायला लागतं. तुम्ही डिप्लोमावाले, तुम्हाला तर ते हमखास होणार.

पण एवढंच असतं तर कमी पैशातला कुठलाही सिनेमा तितकाच ओढ लावणारा झाला असता. तसं होत नाही. कमी पैशातला ऐतिहासिक सिनेमा बघवत नाही. पन्नास मावळे पाचशे वाटत नाहीत आणि पुठ्ठ्याचा बुरूज पुठ्ठ्याचाच राहतो. मग विज्ञानपटात, आणि त्यातही सायबरपंकमध्ये हे का जमतं? तिथं गोष्ट आणि ती बनवायची पद्धत एकच असते म्हणून.

सायबरपंक हा शब्द 1983 साली ब्रूस बेथकी यांच्या एका कथेचं नाव म्हणून छापून आला आणि पुढच्याच वर्षी आलेल्या विल्यम गिब्सन यांच्या 'न्यूरोमॅन्सर'नं तो प्रकार रुजवला. त्याचा गाभा साधा आहे: यंत्रं फार पुढं गेलीत आणि माणूस आहे तिथंच, किंवा आणखी खाली. अंगात बसवलेला यांत्रिक हातही सेकंडहँड. आता हे सिनेमात दाखवायचं तर चकाचक वस्तू चालतच नाही. जोडलेलं, डागडुजी केलेलं, एकाचं काढून दुसऱ्याला लावलेलं असंच लागतं, आणि गरीब आर्ट डिपार्टमेंटकडं नेमकं तेवढंच असतं. पुठ्ठ्याचा बुरूज शिवकाळाला खोटं पाडतो, पण भंगारातून केलेला रोबो भंगाराच्या जगात खरा ठरतो.

आपल्या भागातल्या माणसाला हे जग परकं वाटायचं कारण नाही. तासगावच्या स्टँडजवळ मोबाइल दुरुस्तीच्या टपरीवर घटकाभर उभे राहा. मेलेल्या फोनच्या बोर्डवरून गरम हवेनं एक आयसी उचलायची, भिंगाखाली धरायची, जिवंत फोनवर बसवायची. मागं उदबत्ती आणि गणपतीचा फोटो. किंवा गळीत हंगामात रात्री अकराला कारखान्याच्या रस्त्याला थांबा. दोन ट्रॉल्या ऊस लादलेला ट्रॅक्टर येतो, टपावर जांभळ्या-निळ्या एलईडी, डेकचा आवाज छातीत बसतोय, आणि ड्रायव्हर कानटोपी घालून अर्धवट झोपेत. मागं चिमणी, वाफ, मळीचा वास. लॉस एंजेलिस किंवा टोकियोच्या दिग्दर्शकाला हे चित्र उभं करायला खर्च आला असता. आपल्याकडं ते नोव्हेंबरपासून रोज रात्री चालू असतं.

मी पहिल्यांदा हे सिनेमे बघितले ते गावातल्या व्हिडिओ सेंटरवर, 1991-92 च्या सुमारास. पत्र्याची खोली, एक टीव्ही, खाली सतरंजी. इंग्रजी कुणालाच कळत नव्हतं आणि त्यानं काही अडत नव्हतं. हा मुद्दा लोक विसरतात. यातले बरेच सिनेमे देशोदेशी व्हिडिओ कॅसेटवर विकायचे म्हणूनच काढलेले असायचे. त्यामुळं कोण कुणाच्या मागं लागलंय, कुणाकडं काय आहे, कुठून पळायचंय हे शब्दांशिवाय कळेल असं रचलेलं असायचं. चांगल्या मारधाडपटात तुम्हाला जागा कळते: दार कुठं, जिना कुठं, हा कुठून येणार. भाषा न कळणारी तीस माणसं एकाच क्षणी 'मागं बघ!' असं मराठीत ओरडायची. तिथं बसलेल्या कुणालाही कुणी सिनेमा शिकवला नव्हता, तरी त्यांना शॉट समजत होता.

आता 'द टर्मिनेटर'बद्दल थोडं जास्त बोलतो, कारण शिकायचं सगळं त्या एका सिनेमात आहे. 1984. खर्च सुमारे 64 लाख डॉलर. दोन वर्षं आधीच्या 'ब्लेड रनर' या सायबरपंक सिनेमाला याच्या चौपटीहून जास्त लागले होते. दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉन त्याआधी कमी पैशात सिनेमे काढणाऱ्या रॉजर कॉर्मनच्या कंपनीत मॉडेलं आणि सेट करायचा, म्हणजे आपल्याच बिरादरीतला माणूस. त्यानं भविष्यातली लढाई सिनेमात मोजकी ठेवली आणि भविष्यातून दोघांनाच वर्तमानात आणून सोडलं: एक सैनिक आणि एक माणसाची कातडी चढवलेलं मारेकरी यंत्र, म्हणजे टर्मिनेटर. तेही नागडे, म्हणजे अंगावर भविष्यातलं काही दाखवायचा प्रश्नच नाही. बाकी सगळं रात्रीचं लॉस एंजेलिस, जसं होतं तसं. हा निर्णय पैशाचा म्हणावा की गोष्टीचा, मला ते वेगळं काढता येत नाही, आणि चांगल्या कामात ते वेगळं निघूही नये.

त्यातला आरशासमोरचा प्रसंग काढून बघा. टर्मिनेटर आधी हाताची कातडी कापतो, आत दांडे सरकताना दिसतात. मग डोळा. तिथं जे मुंडकं आहे ते रबरी आहे हे लहान पोरालाही कळतं. कातडीचा रंग जुळत नाही, मान ताठ आहे. तुमचे हॉस्टेलवाले इथंच हसले असणार. पण आमच्या व्हिडिओ सेंटरवर कुणी हसलं नव्हतं, आणि मी त्याचा खूप विचार केलाय. त्या प्रसंगात घाई नाही. तो न ओरडता, तोंड न वाकडं करता काम करतो, आपण पंक्चर काढावं तसं. दुखत नाही हे त्याच्या वागण्यातून पटतं, आणि एकदा ते पटलं की रबराकडं लक्ष जात नाही. मग तो काळा गॉगल चढवतो. आता आर्टवाल्याच्या नजरेनं बघा: गॉगल चढला की पुढं प्रत्येक शॉटला डोळ्याचा मेकअप करायला नको. शिवाय त्या गॉगलमुळं तो आधीपेक्षा भीतिदायक झाला. एक वस्तू दोन कामं करते. माझ्या हाताखालच्या पोरांना मी हा प्रसंग दाखवतो आणि विचारतो, तुझ्या सेटवरची कुठली वस्तू दोन कामं करते ते सांग.

शेवटी आगीतून उठणारा तो धातूचा सांगाडा दोन प्रकारांनी केलाय. जवळून दिसतो तो स्टॅन विन्स्टनच्या कारागिरांनी केलेला, कमरेपासून वरचा, हातानं चालवलेला पुतळा. पूर्ण चालताना दिसतो तिथं लहान मॉडेल, एकेक फ्रेमला जरासं हलवून घेतलेलं. दोन्हींची चाल जुळत नाही. मला तरी ती तशीच बरी वाटते, कारण जी वस्तू चालायलाच नको ती चालतेय असं अंगावर येतं. आणि यात आपल्याला परकं काय आहे? सांगलीत विष्णुदास भावे यांनी 1843 मध्ये 'सीता स्वयंवर' केलं हे नाट्यगृहाबाहेर लिहिलेलं सगळे वाचतात. ते लाकडाच्या कळसूत्री बाहुल्याही करायचे हे फार थोड्यांना ठाऊक असतं. लाकडाला दोरीनं जीव आणणं आणि पत्र्याला हातानं जीव आणणं, काम एकच.

आता काही सिनेमे भराभर सांगतो, बघून ठेवा. 'क्यूब', 1997, कॅनडाचा. हजारो चौकोनी खोल्यांच्या चक्रव्यूहात माणसं अडकलीत, आणि सेट खरा एकच, 14 फुटी खोलीचा, शिवाय शेजारच्या खोलीचा एक तुकडा. भिंतींच्या काचेमागचे रंगीत पत्रे बदलले की नवी खोली. ते पत्रे बदलायला वेळ फार जायचा म्हणून गोष्टीच्या क्रमानं न घेता रंगाच्या क्रमानं शूटिंग केलं. तुमच्यातला कुणी सिनेमाचं वेळापत्रक करणार असेल तर त्याला एवढ्या एका गोष्टीत महिन्याचा कोर्स मिळेल. फ्रेंच दिग्दर्शक गोदारचा 'अल्फाव्हिल', 1965: भविष्यातलं शहर म्हणून रात्रीचं पॅरिस तसंच्या तसं दाखवलं, काचेच्या इमारती आणि ट्यूबलाइट निवडून. 'ला जेते', 1962: 28 मिनिटं, जवळजवळ सगळी स्थिर छायाचित्रं आणि मध्ये फक्त एक हलता शॉट, जो आल्यावर अंगावर काटा येतो. अल्बर्ट प्यून यांचा 'सायबॉर्ग', 1989, दुसऱ्या रद्द झालेल्या सिनेमांसाठी आधीच तयार झालेल्या सेट-कपड्यांवर गोष्ट बेतून काढलेला. सिनेमा म्हणून तो मला कच्चा वाटतो, पण उरलेलं काय आहे ते बघून गोष्ट लिहायची ही युक्ती सोडू नका.

'तेत्सुओ: द आयर्न मॅन'वर मात्र थांबायला हवं. जपान, 1989, दिग्दर्शक शिन्या त्सुकामोतो, 67 मिनिटं, सोळा मिलिमीटरची फिल्म, कृष्णधवल. एका साध्या नोकरदाराच्या अंगातून लोखंड उगवायला लागतं. त्सुकामोतो नाटक मंडळीतून आलेला. सिनेमात काम त्याचं, कॅमेरा त्याचा, संकलन त्याचं. अंगावर चिकटवलंय ते खरंच भंगार आहे: वायरी, नळ्या, पत्र्याचे तुकडे. रंगीत घेतलं असतं तर इथं तांबं, इथं ॲल्युमिनियम, इथं रंगवलेलं रबर असं एकेक उघडं पडलं असतं. काळ्या-पांढऱ्यात सगळं एकाच जातीचं दिसतं, मांसातून फुटल्यासारखं. कृष्णधवल हा तिथं सगळ्या भंगाराला एकत्र बांधणारा रंग आहे. तुमच्याकडं चार ठिकाणचं सामान गोळा झालं असेल तर हे लक्षात ठेवा. सिनेमा मात्र कठोर आहे, घरच्यांबरोबर बसून बघण्यातला नाही.

मी हे सगळं भक्तीनं सांगतोय असं वाटेल, म्हणून उणंही सांगतो. या प्रकारातले बहुतेक सिनेमे वाईट आहेत. पहिली वीस मिनिटं सुचलेलं असतं, मग पैसे आणि कल्पना एकदम संपतात आणि तासभर माणसं एकाच रिकाम्या कारखान्यातून पळत राहतात. बायकांना कित्येक ठिकाणी नुसतं शोभेला किंवा मरायला ठेवलंय, आणि ते त्या काळाचं म्हणून मला सोडून देता येत नाही. आणि सगळ्यात जास्त फसतो तो सिनेमा, जो श्रीमंत सिनेमाची नक्कल करतो. नाही ते आहे असं दाखवायला गेलात की प्रेक्षक चूक शोधायला लागतो. नाही ते दाखवूच नका, त्याचा नुसता आवाज ऐकवा, त्याची सावली टाका, बघणाऱ्या माणसाचा चेहरा दाखवा.

कॉम्प्युटरवर केलेले इफेक्ट वाईट, असंही मी म्हणत नाही. गॅरेथ एडवर्ड्सचा 'मॉन्स्टर्स', 2010, पाच लाख डॉलरच्या आत झाला. इफेक्ट त्यानं स्वतः आपल्या कॉम्प्युटरवर केले. पण त्यानं राक्षस दाखवले मोजून, आणि जास्त काय दाखवलं तर राक्षसांची सवय झालेला मुलूख: पाट्या, कुंपणं, मोडकी वाहनं. 'अपग्रेड', 2018, मेलबर्नमध्ये काढलेला, यातल्या मारामारीत कॅमेरा नायकाच्या धडाला बांधल्यासारखा फिरतो. त्यासाठी नटाच्या अंगावर फोन बांधला होता आणि फोनच्या हालचालीनुसार कॅमेरा हलायचा. अंगात शिरलेलं यंत्र माणसाला चालवतंय हे त्या एका युक्तीनं दिसतं. नवं तंत्र, वृत्ती तीच जुनी.

आता तुमचा शेवटचा प्रश्न. करता येईल. पण सेट बांधायला धावू नका, आधी जागा बघत हिंडा. चाळकेवाडीच्या पठारावर रात्री पवनचक्क्यांचे लाल दिवे लुकलुकतात आणि पात्यांचा घुमणारा आवाज खाली उतरतो. कुपवाडच्या एमआयडीसीत सुट्टीच्या दिवशी बंद शटरांच्या गल्ल्या आहेत. मिरज जंक्शनच्या पुलावरून रुळांचं जाळं दिसतं, पण रेल्वेच्या हद्दीत परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. हरिपूरला हळदीची पेवं होती, जमिनीखाली खणलेली, अरुंद तोंडाची कोठारं. 2005 च्या पुरात बरीच गेली. भविष्यातल्या माणसांनी जमिनीखाली राहायचं असेल तर त्याहून अस्सल जागा कुठली? पण पेवात थेट कधीच उतरू नका. बंद पेवातली हवा माणसाला मारते, तिथले जुने लोक हे ओळखून असायचे. वरून तोंडाचा शॉट घ्या आणि आतलं घरी मातीनं लिंपलेल्या कोपऱ्यात करा.

प्रकाशाचं म्हणाल तर अंधार फुकट आहे, तो भरपूर वापरा. एकच दिवा, पात्राच्या मागून आणि जरा वरून. पुढून काही नाही. मध्ये धूर. नाटकात आम्ही उदाचा धूर करायचो, अजूनही छोट्या खोलीत तो फॉगरपेक्षा छान तरंगतो. खिडकी उघडी ठेवा आणि दम्याच्या माणसाला बाहेर बसवा. धुरामुळं मागची भिंत दिसेनाशी होते आणि दहा बाय बाराची खोली खोल वाटायला लागते. रस्त्याचा शॉट असेल तर सिनेमावाले टँकर मागवून रस्ता ओला करतात, कारण कोरडं डांबर प्रकाश गिळतं आणि ओलं तो परत देतं. माण-खटावात हे करू नका. जिथं बायका टँकरची वाट बघत उभ्या राहतात तिथं रस्त्यावर पाणी ओतायला कुणाचा हात धजू नये. जूनपर्यंत थांबा, पाऊस पडून गेल्यावर तासाभरात शॉट घ्या. निऑन दिवे त्या ओल्या डांबरात उतरतात ते बघाल तर पैसे नव्हते हे विसराल.

सामानाचं. थर्माकोलवर स्प्रे पेंट थेट मारू नका, तो थर्माकोल खातो. एका शूटिंगच्या आदल्या रात्री माझी अख्खी भिंत अशी वितळली, सकाळी सहाला शूटिंगला हजर व्हायचं होतं आणि हातात खड्डे पडलेला पांढरा चोथा. आधी फेव्हिकॉलचा हात, तो वाळला की वॉटर पेंट, मग काय हवं ते. पण त्या रात्रीच्या खड्ड्यांवर मी काळा आणि मग राखाडी रंग ओढला तेव्हा ती भिंत बॉम्बनं भाजल्यासारखी दिसली, आणि तसली भिंत हवी असली की आजही मी मुद्दाम तसंच करतो. गंज हवा असेल तर गेरू, कॉफीची पूड आणि पातळ फेव्हिकॉल, जुन्या स्पंजानं थोपटत लावायचं, ओघळ वरून खाली. गंज नेहमी स्क्रूपासून सुरू होतो, मधूनच उगवत नाही. हे चुकलं की बघणाऱ्याला कारण कळत नाही पण खोटं कळतं.

आवाजावर मात्र काटकसर नको. चित्र खरखरीत चालतं, लोक त्याला शैली म्हणतात. आवाज खरखरीत असला की उठून जातात. रोबोचा पुठ्ठ्याचा पाय लोखंडी वाटतो तो केवळ आवाजामुळं. मी एकदा वर्कशॉपच्या लोखंडी दाराची कडी, कुकरची शिटी आणि उसाच्या रसाच्या चरकाची कुरकुर एकत्र करून दिली होती. ऐकणाऱ्याला यंत्राचं वजन कळायचं. फोन घेऊन फिरा आणि आठवडाभर नुसते आवाज गोळा करा.

आणि दोन गोष्टी हात जोडून सांगतो. नकली पिस्तूल घेऊन रस्त्यावर शूट करायचं असेल तर आधी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी कळवा आणि गावात सांगून ठेवा. लांबून ते खरंच वाटतं आणि घाबरलेला जमाव ऐकून घेत नाही. दुसरं, कमी बजेट म्हणजे कामाचे पैसे बुडवणं नव्हे. एका शूटिंगचे माझ्या चार पोरांचे पैसे आजतागायत आलेले नाहीत, आणि तो सिनेमा मी अजून बघू शकत नाही. पैसे नसतील तर आधी सांगा, जेवण वेळेवर द्या, रात्री पोरांना घरी सोडा. उंचावरची उडी, आग, चालती गाडी यातलं काही माहितगाराशिवाय करू नका. युक्ती सुचवायची ती वस्तूंसाठी, माणसाचा जीव टांगायला नव्हे.

तुम्ही तिघंच आहात, म्हणून आणखी एक सिनेमा सुचवतो. क्योटोच्या युरोप किकाकू या नाटक मंडळीनं 2020 मध्ये 'बियाँड द इन्फिनिट टू मिनिट्स' हा सिनेमा फोनवर शूट केला. एक कॅफे, वर मालकाची खोली, आणि एक टीव्ही ज्यात दोन मिनिटं पुढचं दिसतं. सगळा सिनेमा एका दमात घेतल्यासारखा. पैसा नव्हता, पण तालमी होत्या. कुठल्या सेकंदाला कोण कुठं हे नाटकवाल्यांना पाठच असतं. सांगलीत एकांकिका करणारी पोरं गल्लोगल्ली आहेत. त्यांना भेटा. तुम्हाला यंत्राचं कळतं, त्यांना माणसाचं.

सुरुवात रेडियमपासून करा. पांढरंच घ्या, हिरवा रंग नंतर भरता येतो. पट्टी कापायला नवं ब्लेड वापरा, जुन्यानं कड फाटते आणि रेषा तुटक दिसते. खोकी आधी काळी करून पूर्ण वाळू द्या, नाहीतर चिकटत नाही. आणि बॅटरी लेन्सला अगदी चिकटून.